पाणी सोडता कुठे?

ताईचा फोन आला तेव्हाच कळलं की माझ्या भाच्याने, पिंट्याने, काहीतरी काढलंय. इंदापूर तालुक्यात त्यांची साडेतीन एकर जमीन. त्यातला एक एकर उसातून मोकळा करून त्याला मासे करायचे होते. पद्धतही ठरलेली: बायोफ्लॉक. ताडपत्रीच्या दहा गोल टाक्या, खाली हवेचे बुडबुडे सोडणारे दगड, पाण्यात गूळ टाकून वाढवलेले जिवाणू, आणि त्या तपकिरी पाण्यात दाटीने मासे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के अनुदान मिळतं, हेही त्याला पाठ होतं.

"तू जन्मभर पाणी तपासलंस, तूच काय ते सांग त्याला," ताई म्हणाली.

प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली, पण ताईच्या लेखी मी अजून कामावरच आहे. मी पिंट्याला अट घातली. पैसे अडकवण्याआधी पाच दिवस माझ्याबरोबर फिरायचं, पाच तऱ्हेची मत्स्यशेती बघायची आणि सगळीकडे दोनच प्रश्न विचारायचे: खायला काय घालता, आणि पाणी सोडता कुठे?

"आणि नफा?"

"तो तू विचार."

डिसेंबरचे दिवस, मार्गशीर्ष चालू आहे हे मात्र दोघांच्याही लक्षात आलं नाही.

बुधवार: भिगवण

उजनी धरणाचं पाणी अजून उतरलं नव्हतं, त्यामुळे रोहित पक्ष्यांचा पत्ता नव्हता. होडीवाल्याला त्याचंच वाईट वाटत होतं. आम्ही पक्षी बघायला आलो नाही, पिंजरे बघायला आलोय, हे त्याला दोनदा सांगावं लागलं.

पिंजरे म्हणजे प्लॅस्टिकच्या पिंपांवर तरंगणारी चौकट आणि खाली सोडलेली जाळी. एकेक ६ मीटर लांब, ४ रुंद, ४ खोल. मधल्या फळीवरून चालताना पायाखाली सगळं डुलतं. मालकाने खाद्याची मूठ फेकली आणि एका क्षणात पाणी उकळायला लागलं. चिलापी. गोळ्या तरंगतात म्हणून मासे वर येऊन खातात, नि किती खाल्लं ते दिसतं. मी चार गोळ्या तळहातावर घेऊन वास घेतला. सोयापेंड, भाताचा कोंडा आणि सुकटीची हलकी झाक.

एका पिंजऱ्यातून वर्षाला तीन टन मासा निघतो, त्याला पाच टनांच्या आसपास खाद्य जातं, असं मालक म्हणाला. मी फळीवर बसून वहीत गणित मांडलं. खाद्यात २८ टक्के प्रथिनं, प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन, म्हणजे पाच टनांत सव्वादोनशे किलो नायट्रोजन. तीन टन माशांच्या अंगात त्यातला जेमतेम ७५ किलो उतरतो. उरलेला दीडशे किलो विष्ठेतून, कल्ल्यांतून, न खाल्लेल्या दाण्यांतून धरणात. पिंट्याला कळावं म्हणून मी त्याचा युरिया केला: ४५ किलोच्या सात गोण्या. दर पिंजऱ्यामागे, दर वर्षी.

मालक ऐकत होता. रागावला नाही, पण म्हणाला, "काका, आमच्या सात गोण्या तुम्हाला दिसल्या. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं वरून येतंय त्याच्या किती गोण्या झाल्या?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी हे सगळं भीमेतून इथेच येऊन साचतं. ११७ टीएमसीचं हे धरण १९८० मध्ये पुरं झालं, तेव्हापासून ते दोन शहरांची सेप्टिक टाकीही आहे. उलट पिंजरेवाल्याला पाण्याची काळजी शहरापेक्षा जास्त. ढगाळ हवा पडून पहाटे प्राणवायू खाली गेला की पहिले मरतात ते त्याचे मासे, कारण धरणातल्या माशाला पळता येतं, पिंजऱ्यातल्याला नाही. उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे वापरायचा साठा संपला, की ही सगळी वरात खोल पाण्याकडे ओढत न्यायची. तेव्हा पाणी कमी, गोण्या तेवढ्याच.

"जाळी फाटली तर?" पिंट्याने विचारलं. हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. मला बरं वाटलं.

"जातात की. धरणात तरी दुसरं काय आहे? चिलापीच."

ते खरं आहे. आफ्रिकेतली चिलापी भारतात १९५२ साली आणली. मादी अंडी तोंडात धरून बसते, पिल्लं पोहायला लागेपर्यंत सोडत नाही, त्यामुळे तिची वीण फारशी वाया जात नाही. पिंजऱ्यातली गिफ्ट नावाच्या सुधारित जातीची, वीण होऊ नये म्हणून बहुतेक सगळे नर, म्हणजे निदान वाढवणाऱ्याने तरी तसं ठरवलेलं असतं. पण भीमेतल्या वाम, मरळ, शिंगटा यांची नावं घेताना होडीवाल्याचा सूर गेलेल्या माणसांबद्दल बोलल्यासारखा होता. परतताना काठावर सकर मासे वाळत पडलेले. कुणाच्या तरी घरातल्या काचेच्या पेटीतून सुटून इथवर आलेले. पाठ इतकी खरबरीत की माझ्या चपलेचा अंगठा त्यावर घासून सोलला. जाळ्यात आला की जाळं कापूनच काढावा लागतो, म्हणून कोळी त्याला पाण्यात परत न टाकता काठावर भिरकावतात.

जेवायला भिगवणला चिलापीचं कालवण. चांगलं होतं. चिखलाचा वास येतो म्हणतात, मला नाही आला, की सवय झाली आहे कोण जाणे.

गुरुवार: खारेपाट

पहाटे पुणं सोडलं, खोपोली-पेणवरून पोयनाडला उतरलो आणि तिथून शहापूरला. अलिबाग तालुक्याचा हा खारेपाट. धरमतरच्या खाडीला बांध घालून आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काढलेली भातजमीन. शहापूर-धेरंडला घराशेजारी किंवा शेताच्या कोपऱ्यात एक तळं असतं, आणि त्या तळ्यात जिताडा.

ज्या आजोबांकडे गेलो त्यांच्या तोंडी तो 'जितारा'. घराचा जोता भरायला माती काढली, त्या खड्ड्याचं तळं झालं, असं त्यांनी सांगितलं. पावसाच्या पाण्याने भरतं. जिताड्याचं बीज पावसाच्या तोंडावर खाडीतून वर चढतं. ते धरून विकणारे वेगळे, घेऊन तळ्यात सोडणारे वेगळे. खाऱ्या पाण्यात जन्मून गोड्या पाण्यात सुखाने वाढणारा हा मासा, आणि त्याची आणखी गंमत म्हणजे तो आधी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो. आजोबांना हे कुणी शास्त्रज्ञाने सांगितलं होतं. "मंग माजा कुठला धरायचा?" असं त्यांनी त्याला विचारलं होतं म्हणे.

खायला काय? मासे. जिताडा शिकारी आहे. तळ्यात चिलापी सोडलेली असते, ती वीत राहते नि हा खात राहतो. शिवाय खाडीतली बारीक मासळी. एक किलो जिताड्याला पाच-सात किलो मासळी लागते, असा त्यांचा अंदाज. भावंडांत मोठा लहानाला गिळतो, तेही हिशेबात धरायचं. मोठा व्हायला दोन-तीन वर्षं.

पिंट्याचा चेहरा पडला. सात किलो घालून एक किलो काढायचा, तोही तीन वर्षांनी!

पण पाणी सोडता कुठे या प्रश्नाला पाच दिवसांत इतकं सोपं उत्तर दुसरं मिळालं नाही. सोडतच नाहीत. मासे काढले की उन्हाळ्यात तळं आटतं, तळाचा काळा गाळ घमेल्यांनी उचलून भाताच्या शेतात. आजोबांनी काठाचा गाळ पायाच्या अंगठ्याने उकरून दाखवला. लोण्यासारखा. "ह्येच आमचा खत." माझ्या सात गोण्या इथे शेतात परत जातात. मात्र ही पद्धत कोपऱ्यातल्या एका तळ्यापुरती, सणासुदीला आणि लग्नकार्याला विकायच्या पाच-पन्नास माशांपुरती. प्रत्येकाने एकरभर जिताडा करायचा म्हटला तर तेवढी बारीक मासळी खाडीने आणायची कुठून?

तळ्यापासून दहा मिनिटांवर खारबांध. तो आजोबांनी मुद्दाम दाखवला. बांध फुटला की खारं पाणी आत येतं, भात जातं, आणि दोन-तीन वर्षांत तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उभी राहतात. एकदा तिवरं आली की ती तोडता येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ पासून कांदळवन तोडीला बंदी केली आहे, २०१८ च्या निकालाने ती पक्की झाली. बंदी योग्य आहे, मी स्वतः त्या बाजूचा आहे. पण फुटक्या बांधामागे उभ्या असलेल्या हिरव्यागार तिवरांकडे बोट दाखवून आजोबा म्हणाले, "तिकडं माझी दीड एकर हाय," तेव्हा कुठल्या बाजूने मान हलवावी कळेना.

घरातून जेवायचा आग्रह झाला. जिताड्याचं कालवण असणार या आशेने पिंट्या उंबऱ्याशी घुटमळत होता. आजींनी पानात वालाची भाजी आणि भाकरी वाढली. मार्गशीर्षातला गुरुवार.

शुक्रवार: रत्नागिरी जिल्ह्यातली एक खाडी

मुंबई-गोवा महामार्गाबद्दल काही लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे. संध्याकाळी पोचलो.

गावाचं नाव सांगत नाही, कारण प्रकल्पाच्या मालकाने आम्हाला मोकळेपणाने सगळं दाखवलं. खाडीकाठी सहा तळी, प्रत्येक अर्ध्या हेक्टरच्या आसपास, सगळ्यांत वेनामी कोळंबी. पॅसिफिकपलीकडची ही कोळंबी भारतात २००९ पासून रीतसर वाढवतात. त्याआधी होती आपली वाघी कोळंबी. १९९४-९५ ला पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने तिचा फडशा पडला. पाठोपाठ ११ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टीतल्या कोळंबी प्रकल्पांना चाप लावला, कारण आंध्र-तामिळनाडूत भातशेती आणि विहिरी खारट झाल्या होत्या. मग किनारी मत्स्यशेतीचा २००५ चा कायदा आणि त्याखालचं प्राधिकरण आलं. आता नोंदणी लागते, आणि वेनामी चौरस मीटरला ६० पेक्षा जास्त सोडता येत नाही.

त्या रात्री एक तळं काढायचं होतं. आम्हाला नशिबानेच ते बघायला मिळालं. चाकांनी पाणी घुसळून हवा मिसळणारे चार एरेटर चालू, पाण्यावर फेस, बांधावर हॅलोजन. मालकाने चेकट्रे वर काढून दाखवला: काठावर तारेने टांगलेली जाळीची ताटली. तिच्यात थोडं खाद्य ठेवून खाली सोडतात, दोन तासांनी बघतात. खाल्लं असेल तर तळ्यात पुढचं खाद्य, उरलं असेल तर कमी. ताटलीत पाच-सहा कोळंब्या टणाटण उडत होत्या, काचेसारख्या. त्यांच्या पोटातली काळी रेघसुद्धा दिसत होती. "रेघ भरलेली म्हणजे तब्येत चांगली," तो म्हणाला. ही ताटली हा त्याचा ताळेबंद. खाद्य सगळ्यात महाग, म्हणून वाया घालवायचं नाही. म्हणजे कंजूषपणा इथे पर्यावरणाच्या कामी येतो.

खाद्याच्या गोणीवर प्रथिनं ३५ टक्के. त्यातलं फिशमील कशाचं? तारली आणि तसलीच बारीक मासळी, किनाऱ्यावरच्या कारखान्यांत शिजवून, दाबून, दळून केलेली. काल आजोबा जिताड्याला मासळी घालत होते ती डोळ्यांना दिसत होती. इथली गोणीत पीठ होऊन येते, एवढाच फरक. कोळंबीला ती जिताड्यापेक्षा पुष्कळ कमी लागते हे खरं, पण कोळंबी टनांनी निघते.

साडेअकराला फळ्या उचलल्या. तोंडाशी लावलेल्या पिशवीजाळ्यात कोळंबी धो-धो पडू लागली, पोरं क्रेटमध्ये भरून बर्फावर ओतू लागली. पहिला तासभर पाणी हिरवट होतं. तळं तळाशी आलं तसं ते काळं झालं आणि कुजक्या अंड्यांचा वास सुटला. चार महिन्यांची विष्ठा, कात आणि मेलेलं शेवाळ. ते गटारातून वाहत निघालं. मी बॅटरी घेऊन त्याच्या मागे चालत गेलो.

गटार आधी एका निवळण्याच्या तळ्यात जायला हवं, तिथे गाळ बसून मग पाणी खाडीत. तळं होतं. फक्त त्यातही एरेटर फिरत होता. गेल्या वर्षी भाव पडला तेव्हा मालकाने त्यातही कोळंबी सोडली होती. गटार त्याला वळसा घालून सरळ खाडीला.

"करणार आहे परत," तो म्हणाला. त्याच्यावर कर्ज आहे, वीजबिल आहे, गावातली वीस माणसं कामाला आहेत. खोटं बोलत नसावा. पण त्या खाडीवर पंप लावलेले आणखी तीन प्रकल्प आहेत. याच्या तळ्यात रोग आला तर याचं सोडलेलं पाणी उद्याच्या भरतीला त्यांच्या पंपात. म्हणून प्रत्येकजण आत घेतलेल्या पाण्यात ब्लिचिंग पावडर ओततो. शेजाऱ्याच्या घाणीवर खर्च करायची सगळ्यांची तयारी, स्वतःच्या घाणीवर कुणाचीच नाही.

सकाळी निघताना धक्क्यावर मुळे, म्हणजे चिखलातल्या शिंपल्या, काढणाऱ्या दोघी भेटल्या. पाणी सोडलं की दोन दिवस पायाला खाज सुटते, एवढंच त्या म्हणाल्या.

शनिवार: वेंगुर्ल्याकडे

हा दिवस थोडक्यात, कारण बराचसा गाडीत गेला, आणि दत्तजयंती असल्यामुळे पिंट्याचा दुसरा उपास घडला.

सिंधुदुर्गात कांदळवनाच्या प्रकल्पातून बायकांच्या गटांनी खेकडे आणि कालवं वाढवायला घेतली. आम्ही कालवं बघितली. बांबूची चौकट, तिला दोऱ्या, दोऱ्यांना ओवलेल्या जुन्या शिंपा, त्यावर चिकटलेली कालवं. बाकी काही नाही. खाद्य नाही, पंप नाही, औषध नाही.

"ह्येंका काय खावक घालूक लागणा नाय," एक काकी म्हणाल्या. "खाडीच पोसता."

माझं गणित इथे उलटं फिरलं. कालव पाणी गाळून खातं, म्हणजे गोण्या टाकत नाही, उचलतं. पिंट्याला मी उत्साहाने हे समजावत असताना काकींनी मध्येच तोडलं. खाडीला जे येईल तेही ते गाळतं ना? गावाचं सांडपाणी आलं तर तेही त्याच्या पोटात. म्हणून काढल्यावर ते स्वच्छ पाण्यात ठेवून मगच विकायचं. शिवाय पावसाळ्यात खाडी गोडी झाली की कालवं मरतात. भिगवणचा पिंजरेवाला वरच्या शहरांचं पाप सोसतो, तशी ही कालवं वरच्या गावाचं. फरक इतकाच की या दोरीला टांगलेल्या जिवाने स्वतः काहीच केलेलं नसतं.

खेकड्यांचं तेवढं वेगळं. त्यांना मासळी घालावी लागते, आणि घातली नाही तर ते एकमेकांनाच खातात.

रविवार: दिवाडी

आरोंद्याहून किरणपाणीचा पूल ओलांडून गोव्यात शिरलो. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर. पिंट्याने धक्क्याजवळच्या खाणावळीत आधी चोणक मागवला. रवा लावून तळलेली जाड तुकडी आली. अर्धी संपल्यावर मी त्याला सांगितलं की चोणक म्हणजे जिताडाच. तो हात थांबवून म्हणाला, "म्हणजे गुरुवारचा उपास आज सुटला."

गोव्यातली खाजनं म्हणजे खारेपाटाची चुलतबहीण. मांडवी-जुवारीसारख्या नद्यांच्या काठांवर सुमारे १८,००० हेक्टर. चिखल, पेंढा आणि चिऱ्यांचा बांध, आत भातखाचरं, मधे पोंय, म्हणजे पाण्याचा खोलगट भाग, आणि बांधात एक दार, त्याचं नाव मानस. पावसाळ्यात पावसाने मीठ धुऊन गेलं की कोरगुट भात, कारण ते थोडं खारं सोसतं. भात निघालं की खाडीचं पाणी बेतानं आत घेऊन कोळंबी आणि शेवटे, काळुंदर असे मासे. मासे भाताचे खुंट आणि त्यावरचं शेवाळ खातात, त्यांची विष्ठा पुढच्या भाताला. पोर्तुगीज यायच्या आधीपासूनचं हे गणित, आणि त्यात गोणी नाही. उत्पन्न मात्र वेनामीच्या तळ्यापुढे किरकोळ.

मानशीवर एक म्हातारे बाब बसले होते. आदल्या दिवशी पौर्णिमा झालेली, त्यामुळे भरती मोठी. दुपारी बाराला खाडी बांधाला टेकली होती आणि लाकडी दारं तिच्या रेट्याने घट्ट मिटलेली. फटीतून पाण्याची एक बारीक धार तेवढी आत.

"भरतेर दार आपशींच धांपता, सुकतेर उगडटा," ते म्हणाले. भरतीला आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. त्यांनी जाळं लावून ठेवलं होतं. खरी मासळी रात्रीच्या सुकतीला, पण दिवसाचीही बघा म्हणाले.

वाट बघताना त्यांनी बाकीचं सांगितलं. मानशीची पावणी होते, म्हणजे मासे धरायच्या हक्काचा लिलाव. पूर्वी कोमुनिदाद, म्हणजे गावकीची संस्था, त्या पैशातून बांध राखायची. भात सोडून मासळीतच पैसा दिसू लागला, तेव्हा काही ठिकाणी पावणी घेणाऱ्यांनी दारं उघडीच ठेवली. जास्त खारं पाणी, जास्त मासे. भात गेलं, भात गेल्यावर बांधाकडे बघणारं कुणी उरलं नाही, बांध खचले. पलीकडे हात केला. हिरवीगार तिवरं. दोन राज्यांत, तीन दिवसांच्या अंतराने, दोन म्हाताऱ्यांनी मला अगदी तोच हात करून दाखवला.

तीनच्या सुमाराला दार करकरलं. आधी एक फळी हलली, मग दोन्ही दारं खाडीकडे सरकली आणि आतलं पाणी बाहेर निघालं. गढूळ, पण वास नाही. जाळ्यात हाताएवढे चार शेवटे, ओंजळभर कोळंबी आणि एक खेकडा. बाबांनी खेकडा नांगी धरून उचलला आणि पिंट्याच्या हातात द्यायला गेले. तो दोन पावलं मागे सरला.

फेरीवर परतताना तो बराच वेळ गप्प होता.

"मामा, बायोफ्लॉकमध्ये पाणी बदलावं लागत नाही म्हणतात."

"रोजचं नाही. पण टाकीच्या तळाचा गाळ काढावा लागतो. आणि मासे काढल्यावर टाकी रिकामी करशीलच ना?"

"करीन."

"आणि एक अश्वशक्तीचा ब्लोअर चोवीस तास चालला की दिवसाला १८ युनिट. रात्री शेतीची लाईन गेली की जनरेटर."

"ते धरलंय मी." मग थोड्या वेळाने, "रिकामी केली की आपल्या बांधाकडेच्या ओढ्यात जाईल पाणी."

"ओढा कुठे जातो?"

तो माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या गावचा ओढा कुठे जातो हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. त्या ओढ्यातच तो पोहायला शिकला.

"उजनीत," तो म्हणाला. मग फोन काढून कॅल्क्युलेटर उघडला. "दहा टाक्या. मामा, खाद्यात प्रथिनं किती धरायची म्हणालात, २८?"